मावळातील लेणी आणि एका दिवसाची अभ्यास सहल : भाजे, बेडसे व कार्ले येथील चैत्यगृहांचे क्रमवार वाचन

गोषवारा

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील भाजे, बेडसे व कार्ले येथील शैलगृहे महाविद्यालयीन सहलींची नित्याची ठिकाणे आहेत. तथापि ही स्थळे ज्या क्रमाने व ज्या घाईने पाहिली जातात त्यामुळे त्यांतील परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. ही तीन चैत्यगृहे निर्मितीच्या कालक्रमाने एका दिवसात पाहिली असता लाकडी वास्तुपरंपरेचे दगडात झालेले रूपांतर आणि या निर्मितीमागे उभा असलेला दात्यांचा समाज या दोन्ही गोष्टी स्थळावरच समजू शकतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी आवश्यक असलेली पूर्वतयारी, निरीक्षणाची साधी साधने आणि स्थळसंरक्षणाची पथ्ये यांचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : चैत्यगृह, शैलगृह, मावळ, दानलेख, धेनुकाकट, अभ्यास सहल.

१. प्रस्तावना

इतिहास, भूगोल, मराठी, समाजशास्त्र, वाणिज्य अशा कोणत्याही विभागाची सहल असो, पुणे व मुंबई परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने लोणावळा–मावळ हा पट्टा सोयीचा ठरतो. लोहमार्ग, महामार्ग, घाटमाथ्याची हवा आणि एका दिवसात परत येण्याची शक्यता ही त्यामागील व्यावहारिक कारणे होत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय कार्याला व भारतीय ज्ञानपरंपरेला जे स्थान मिळाले त्यामुळे अशा सहलींची संख्या वाढणे स्वाभाविक आहे.

मात्र संख्या वाढली म्हणजे अभ्यास वाढला, असे म्हणता येत नाही. बहुतेक वेळा सहल प्रथम कार्ल्याला जाते, कारण तेथपर्यंत वाहन नेणे सोपे असते व एकवीरा देवीचे दर्शनही घडते. भोजनानंतर वेळ उरलाच तर भाजे पाहिले जाते. बेडसे वाटेवर नसल्याने सहसा वगळले जाते. परतल्यावर चार पानांचा अहवाल, उपस्थितीपत्रक आणि दहा-बारा छायाचित्रे मूल्यांकनाच्या फाइलीत जातात. विद्यार्थ्याच्या मनात उरते ते एवढेच, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणत्या तरी राजाने डोंगर कोरून घेतला. वस्तुतः या तिन्ही ठिकाणी कोरलेले लेख वेगळीच गोष्ट सांगतात. ती गोष्ट वर्गात सांगून पटत नाही, स्थळावर मात्र ती सहज उमगते.

महाविद्यालयीन गटांबरोबर या परिसरात केलेल्या सहलींतून जी पद्धत हळूहळू आकाराला आली तिचे विवेचन पुढे केले आहे. दिवसाचा क्रम भाजे, बेडसे, कार्ले असा धरला आहे.

२. मावळ : भूमी आणि मार्ग

लेणी पाहण्यापूर्वी ती येथेच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारणे आवश्यक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. पहिले उत्तर भूस्तराचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेला हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, कठीण असला तरी बऱ्याच ठिकाणी एकसंध असतो. त्यामुळे त्यात मोठी पोकळी कोरली तरी छत टिकून राहते. दुसरे उत्तर मार्गाचे. कल्याण व सोपारा या बंदरांतून देशावर येणारा माल बोरघाटाने चढून इंद्रायणीच्या खोऱ्यात येत असे व तेथून जुन्नर, पैठण, तेर यांसारख्या नगरांकडे जात असे. घाट चढून आलेल्या तांड्याला पहिला विसावा लागतो तो याच टापूत. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा हवा होता, व्यापाऱ्यांना मुक्काम हवा होता, आणि दोघांच्याही गरजेचे पाणी कातळातील टाक्यांत साठवता येत होते. लेण्यांचे स्थान या सोयींशी जोडलेले आहे.

‘मावळ’ या नावाची प्राचीनताही येथे सांगण्याजोगी आहे. कार्ले येथील एका सातवाहन लेखात ‘मामाल-आहार’ असा प्रशासकीय विभागाचा उल्लेख येतो. ‘आहार’ म्हणजे आजच्या भाषेत तालुका किंवा जिल्हा. ‘मामाल’ हेच मावळचे जुने रूप होय, असे अभ्यासक मानतात. आपण ज्या तालुक्यात उभे आहोत त्याचे नाव सुमारे १९०० वर्षांपूर्वी याच डोंगरावर कोरले गेले आहे, ही गोष्ट कळताच गटातील स्थानिक विद्यार्थ्यांचा स्थळाशी असलेला संबंध बदलतो, असा अनुभव आहे.

या भागात केवळ बौद्ध लेणीच आहेत असेही नाही. कामशेतजवळील पाले येथील गुहेत अर्हतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी लेख आहे. ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला. तो जैन परंपरेतील असून महाराष्ट्रातील अशा अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. एकाच मार्गाच्या आधाराने भिन्न पंथ नांदत होते, हे यावरून दिसून येते.

३. सकाळ : भाजे

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून पायऱ्या चढल्यावर प्रथम दिसते ते चैत्यगृहाचे भले मोठे, पिंपळपानाच्या आकाराचे मुख. हे मुख संपूर्ण उघडे आहे. येथे थांबून गटाला एकच प्रश्न विचारावा : या मंदिराला दार का नाही? कोणी सांगतो, पडले असेल. कोणी सांगतो, काम अर्धवट राहिले असेल. पहिले उत्तर सत्याच्या जवळचे आहे. या चैत्यगृहाची दर्शनी बाजू दगडाची नव्हतीच. ती लाकडी होती आणि कालौघात नष्ट झाली. लाकूड बसवण्यासाठी कातळात केलेल्या खाचा व भोके आजही दिसतात. विद्यार्थ्यांनी ती स्वतः शोधावीत, शिक्षकाने बोट दाखवू नये.

इ.स. पूर्व दुसऱ्या शतकात कोरलेले हे चैत्यगृह पश्चिम भारतातील सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक आहे. त्याची लांबी सुमारे १७ मीटर व रुंदी सुमारे ८ मीटर असून आत २७ अष्टकोनी खांब आहेत. खांबांना तळखडा नाही, शीर्ष नाही, कोणतेही मोठे शिल्प नाही. आता गवंड्याचा साधा ओळंबा घ्यावा आणि खांबाला स्पर्श न करता त्याच्या समोर धरावा. खांब सरळ उभे नसून आतल्या बाजूला झुकलेले आहेत, हे क्षणात लक्षात येते. लाकडी इमारतीत कमानदार छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो. तो पेलण्यासाठी सुतार खांब आत कलते ठेवतो. कातळात कोरलेल्या वास्तूत असा जोर खांबांवर येतच नाही, कारण छत, भिंत आणि खांब हा सगळा एकच दगड असतो. म्हणजे हा कल बांधकामाच्या गरजेतून आलेला नाही. तो हाताच्या सवयीतून आला आहे. ज्यांना लाकडाचे घर ठाऊक होते त्यांनी दगडात तेच घर कोरले.

छताकडे पाहिल्यास याचा आणखी भक्कम पुरावा मिळतो. कमानीच्या लाकडी फासळ्या येथे आजही जागेवर आहेत. दगडी छताला लाकडी फासळ्यांची काहीच आवश्यकता नसते, तरीही त्या बसवल्या गेल्या. यांपैकी काही लाकडांवर ब्राह्मी अक्षरांतील लहान लेख आढळले असून अक्षरवळणावरून ती लाकडे मूळ निर्मितीच्या काळातील असल्याचे मानले जाते. बावीसशे वर्षे टिकलेले लाकूड पाहण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

चैत्यगृहाच्या दक्षिणेस १४ लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काही स्तूपांवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरलेली आहेत. ही त्या भिक्षूंची स्मारके होत. जवळच एका पाण्याच्या टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख आहे. स्थानिक अधिकारपद भूषविणारा हा पुरुष टाके दान देतो आणि आपले नाव आईच्या कुळावरून सांगतो. दक्षिण टोकाच्या विहारातील रथारूढ व गजारूढ आकृतींना सूर्य व इंद्र म्हणण्याची प्रथा आहे, परंतु त्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. हे मतभेद विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. शिल्पाची ओळख हाही पुराव्यावर आधारलेला तर्क असतो, हे त्यांना येथेच कळू शकते.

भाजे सोडताना प्रत्येकाच्या वहीत दोन नोंदी असाव्यात : ‘खांब झुकलेले’ आणि ‘दर्शनी भाग लाकडी, आता नाही’.

४. मध्यान्ह : बेडसे

मळवलीहून कामशेत व तेथून पवनानगरच्या रस्त्याने बेडसे गाव गाठावे लागते. गावापासून डोंगरावर पायऱ्या आहेत. येथे गर्दी नसते. विक्रेत्यांची रांगही नसते. बेडसे पूर्वाभिमुख असल्याने त्याचे खरे सौंदर्य सूर्योदयानंतरच्या प्रकाशात दिसते. आपल्या क्रमात ते दुपारी येत असल्याने हा प्रकाश मुकतो. मात्र कालक्रमाचा लाभ त्याहून अधिक आहे, असे वाटल्यामुळे हा तोटा पत्करला आहे. ज्यांच्या सहलीचा विषय छायाचित्रण किंवा चित्रकला असेल त्यांनी बेडशापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल.

येथील चैत्यगृह इ.स. पूर्व पहिल्या शतकातील मानले जाते. त्याच्यासमोरचा कातळ पूर्ण काढलेला नाही. दोन्ही बाजूंना कातळाचे प्रचंड खडक तसेच ठेवून मधून अरुंद वाट काढली आहे. त्या वाटेने आत गेल्यावर एकदम समोर येतात ते ओसरीचे सुमारे ८ मीटर उंचीचे स्तंभ : दोन पूर्ण आणि दोन भिंतीला लागून. घटाकृती तळ, अष्टकोनी दांडा, उलट्या कमळासारखे घंटाकार शीर्ष आणि त्यावर घोडे, बैल व हत्ती यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी असा त्यांचा घाट आहे. भाजे येथे दर्शनी भाग लाकडाचा होता. येथे तो दगडात आला आहे. तरीही त्या दगडी दर्शनी भागावर लाकडी कठडे, तुळयांची टोके व लहान कमानी यांचेच नक्षीकाम केलेले आहे. शिल्पकाराच्या मनातून लाकूड अद्याप गेलेले नाही.

आतील दालन तुलनेने लहान, म्हणजे सुमारे १४ मीटर लांब व ६.५ मीटर रुंद आहे. पुन्हा ओळंबा धरावा. खांबांचा कल भाजे येथील खांबांच्या मानाने बराच कमी झाला आहे. छताच्या लाकडी फासळ्या मात्र आज शिल्लक नाहीत. शेजारचा विहारही पाहण्यासारखा आहे. सामान्यतः विहार चौकोनी असतात, हा मात्र चैत्यगृहाप्रमाणे गजपृष्ठाकार, म्हणजे मागील बाजूस अर्धवर्तुळाकार व कमानी छताचा आहे. कलाकार नवे प्रयोग करीत होते, याचे हे उदाहरण होय.

बेडशाचे लेख मोजकेच असले तरी बोलके आहेत. चैत्यगृहाच्या ओसरीत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याच्या दानाची नोंद आहे. एका टाक्यावर महाभोजाची कन्या व महारठी आपदेवणक याची पत्नी सामडिनिका हिचे नाव आहे. एका स्तूपावर गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या भिक्षूचे स्मरण त्याच्या शिष्याने कोरून ठेवले आहे. श्रेष्ठीपुत्र, सरदारघराण्यातील स्त्री आणि निष्कांचन भिक्षूचा शिष्य, असे तीन स्तर एकाच डोंगरावर भेटतात. नाशिकचा माणूस मावळात दान का देतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला की व्यापारी मार्गाचा नकाशा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

बेडसे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या भेटीनिमित्त स्थानिक पातळीवर येथे साफसफाई व रंगकाम होत असे, आणि त्या उत्साहात गिलाव्यावरील जुन्या चित्रांचे अवशेष नाहीसे झाले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पाहुण्यांना स्थळ नीटनेटके दिसावे एवढीच इच्छा होती. वारशाची हानी द्वेषाने होते त्याहून अधिक वेळा अज्ञानी सद्‌हेतूने होते, हा धडा विद्यार्थ्यांना येथे देता येतो.

५. अपराह्ण : कार्ले

कार्ले पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर तेथे पोहोचल्यास उतरते ऊन कमानी गवाक्षातून आत येते आणि स्तूपापर्यंतचे दालन उजळते. भाजे व बेडसे पाहून आलेल्या गटाला येथे पाय ठेवताच फरक जाणवतो. हे भारतातील सर्वांत मोठे शैलचैत्यगृह. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. एकूण ३७ खांब : दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी. बाजूच्या खांबांना घटाकृती तळ, घंटाकार शीर्ष व वर हत्तींवर आरूढ झालेली जोडपी आहेत. बेडशाला जे फक्त ओसरीत होते ते येथे संपूर्ण दालनात आले आहे. ओळंबा धरल्यास खांब सरळ उभे असल्याचे दिसते. दगडाने लाकडाची सवय सोडली आहे. तरी छताला लाकडी फासळ्या आहेतच आणि स्तूपावरील छत्रीही लाकडाचीच आहे. परंपरा एका दिवसात संपत नाही.

दर्शनी भिंतीवरील स्त्री-पुरुषांची युगुले मूळ निर्मितीच्या काळातील होत. त्यांच्या शेजारच्या बुद्धमूर्ती मात्र काही शतकांनंतरच्या. त्या कोरताना जुन्या नक्षीचा काही भाग छाटला गेल्याचे जवळून पाहिल्यास दिसते. एकाच भिंतीवर दोन काळ वाचता येतात.

कार्ल्याचे खरे धन तेथील लेख होत. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये व पुढे एमिल सेनार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. वा. वि. मिराशी यांच्या ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ या ग्रंथामुळे या काळातील लेखांचा अभ्यास मराठीतून करता येतो. सहलीपूर्वी निवडक लेखांचे देवनागरी लिप्यंतर व अर्थ यांचे एक पान प्रत्येकाच्या हाती असावे. त्यांतील पुढील लेखांवर विशेष भर द्यावा.

(अ) वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आपण हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे सांगतो.

(आ) दालनातील अनेक खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट येथील सिहधय, धम्म, यसवधन हे ‘यवन’ त्यांत आहेत. सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातील सातिमित हा भाणक आहे. कार्ल्याच्या दात्यांत महादेवणक या गृहस्थाची आई भायिला हीही आहे.

(इ) प्रवेशाच्या ठिकाणी धेनुकाकटचा सिहदत नावाचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, ‘घरमुख’ दान दिल्याचे सांगतो.

(ई) बाहेरील सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणक याचे दान आहे.

(उ) क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक गाव देतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जाणारा लेख तेच गाव पुन्हा भिक्षुसंघाला देतो.

येथे विद्यार्थ्यांपुढे एक विसंगती येते. भूतपाल म्हणतो, ‘मी पूर्ण केले’. मग खांब इतरांचे कसे? या प्रश्नावर गटात वाद होऊ द्यावा. भूतपालाने शेवटचे काम केले असेल काय? सर्वाधिक खर्च त्याचा असेल काय? की दर्शनी भागावर नाव कोरण्याचा मान त्याने मिळवला? लेख हा पुरावा असतो, पण तो लिहिणाऱ्याच्या बाजूचा पुरावा असतो. वर्गात साधनचिकित्सेवर दिलेली दोन व्याख्याने जे साधत नाहीत ते या अर्ध्या तासात साधते. राजांचा वाटाही येथे स्पष्ट होतो. राजे व क्षत्रप गावाचे उत्पन्न देतात, सत्तांतर झाले की तेच दान नव्याने जाहीर करतात. पण खांब, दारे आणि स्तंभ व्यापारी, भिक्षू, गृहस्थ, महारठी व परदेशी मुळाचे मानले जाणारे लोक देतात. ‘राजाने लेणे कोरले’ हे वाक्य यानंतर कोणी विद्यार्थी सहसा लिहीत नाही.

६. सुताराचे नाव

दिवसाचा शेवट ज्या लेखाने करावा तो अगदी लहान आहे. धेनुकाकटचा सामी नावाचा वढकी, वेणुवासाचा पुत्र, याने घराचे मुख ‘केले’, एवढेच तो सांगतो. वढकी म्हणजे सुतार. इतर लेखांत ‘दान’ हा शब्द येतो, येथे मात्र ‘कत’, म्हणजे ‘केले’.

एका सहलीत हा लेख समजावून सांगत असताना गटातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दगडाच्या लेण्यात सुताराचे काय काम?” उत्तर शिक्षकाला द्यावे लागले नाही. सकाळी भाजे येथे उघड्या मुखासमोर उभी राहिलेली त्याचीच वर्गभगिनी म्हणाली, “तिथे दारच लाकडाचे होते ना!” दिवसभराची पायपीट या एका वाक्यासाठी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या लेखाचे दोन अर्थ संभवतात. सामीने दरवाजाचे लाकडी काम केले असेल. किंवा सुतारांच्याच घराण्यांनी हळूहळू छिन्नी दगडावर चालवली असेल आणि दगडात काम करूनही त्यांनी आपले जुने व्यवसायनाम सोडले नसेल. कोणताही अर्थ घेतला तरी झुकलेल्या खांबांपासून सरळ खांबांपर्यंतचा जो प्रवास दिवसभर पाहिला तो निनावी राहत नाही. त्याच्या शेवटी एका कारागिराचे, त्याच्या बापाचे आणि त्याच्या गावाचे नाव आहे. मोठ्या वास्तूंच्या इतिहासात हात कोणाचे होते हे क्वचितच कळते. कार्ले त्याला अपवाद आहे. परंतु जो विद्यार्थी प्रथम कार्ले पाहतो त्याला हा लेख केवळ एक ओळ वाटते. जो भाजे पाहून येतो त्यालाच त्यातील सुतार दिसतो. क्रमाचा आग्रह धरण्यामागील मुख्य कारण हेच होय.

धेनुकाकट नेमके कोठे होते, याविषयी विद्वानांत अजूनही एकमत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या प्रश्नावर लिहिले व मावळच्या डोंगरांतून स्वतः पायी फिरून अभ्यास केला. तळेगावजवळील शेलारवाडीच्या लेण्यातही धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुटुंबप्रमुखाच्या, उसभणकाच्या, पत्नीचे दान नोंदलेले आहे. शेतकऱ्याची पत्नीही लेणे दान देऊ शकत होती, ही गोष्ट ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना विशेष भावते.

७. जिवंत श्रद्धास्थान

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर मूळ दोन स्तंभ असावेत, असे मानले जाते. त्यांपैकी आज डावीकडचा सिंहस्तंभ उभा आहे, उजवीकडे एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांची ही कुलदेवता असून चैत्रात व नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. काही शिक्षक मंदिर ‘अभ्यासाबाहेरचे’ म्हणून टाळतात, तर काही सहली मंदिर पाहूनच परततात. दोन्ही टोके टाळावीत. किनारपट्टीचे लोक घाट चढून मावळच्या डोंगरावर येतात, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीही घडत होती व आजही घडते. यावरून अखंड परंपरा सिद्ध होत नाही, पण वाट तीच आहे, हे निश्चित. भाविकांच्या रांगेला अडथळा न आणता, त्यांच्या श्रद्धेविषयी शेरेबाजी न करता हे निरीक्षण करणे हाही सामाजिक शास्त्रांच्या शिक्षणाचाच भाग आहे.

८. पूर्वतयारी व पथ्ये

ही तीनही स्थळे केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्याने व २०१० मधील दुरुस्तीने स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा परिसर निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरचा परिसर नियंत्रित ठरविला आहे. शिवाय भाजे गावातून लोहगडाची वाट जाते, आणि लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. त्यामुळे या भागातील वर्दळ वाढणार हे गृहीत धरून पुढील पथ्ये सुचवावीशी वाटतात.

सहलीआधी किमान एक तासिका नकाशा व लेखांच्या वाचनासाठी द्यावी. विद्यार्थ्यांचे पाच-सहा जणांचे गट करून प्रत्येक गटाला एकच प्रश्न सोपवावा : खांब, लाकूड, पाणी, दाते, नंतरचे बदल. लेखावर खडू, कोळसा अथवा पाणी लावून अक्षरे ‘उठवण्याचा’ प्रयत्न कधीही करू नये. तिरप्या प्रकाशात, विजेरी बाजूने धरून, अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. लाकडी फासळ्यांखाली आरडाओरडा, धूर व तीव्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. कड्यावर आग्या मोहोळ असते आणि मधमाश्या उठल्यास पायऱ्यांवर धावपळ होऊन अपघात संभवतो. पावसाळ्यात भाजे येथील धबधब्याचे आकर्षण असले तरी शेवाळलेल्या कातळावर मोठा गट नेणे उचित नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. तिन्ही स्थळांच्या बंद होण्याच्या वेळा आधी पाहून कार्ल्यासाठी किमान दोन तास राखून ठेवावेत. वेळ कमी पडल्यास बेडसे वगळावे, पण भाजे आधी व कार्ले नंतर हा क्रम मोडू नये.

९. निष्कर्ष

१) भाजे, बेडसे व कार्ले ही चैत्यगृहे कालक्रमाने पाहिल्यास लाकडी वास्तुपरंपरेचे दगडात झालेले रूपांतर खांबांचा कल, दर्शनी भाग व छत या तीन खुणांवरून प्रत्यक्ष अभ्यासता येते.

२) दानलेखांवरून या वास्तू केवळ राजाश्रयाने घडल्या नसून व्यापारी, कारागीर, स्त्रिया, भिक्षू, शेतकरी व अधिकारी यांच्या सहभागातून घडल्याचे स्पष्ट होते.

३) भूतपालाचा दावा व इतर दात्यांचे लेख यांची तुलना ही साधनचिकित्सेचे उत्तम प्रात्यक्षिक ठरते.

४) क्रम, प्रश्न व पूर्ववाचन या तीन गोष्टी साधल्या तर विशेष खर्चाविना एका दिवसाची सहल खऱ्या अर्थाने क्षेत्रीय अभ्यास ठरू शकते.

अहवाल व छायाचित्रे आवश्यक आहेतच, त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. परंतु सहलीचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘तुला आठवणारे एक नाव सांग.’ त्याने राजाचे नाव सांगितले तर सहल झाली असे समजावे. त्याने धेनुकाकटच्या सामी सुताराचे नाव सांगितले तर अभ्यास झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.